कलेची विद्या आणि कलेचा व्यवहार

आपल्या घरांतून मुलांच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे फार दिवसांपर्यंत तीनचारच वाटा डोळ्यांपुढें येत: वैद्यक, वकिली, स्थापत्य, आणि अलीकडे संगणक. आतां त्याच घरांतील मुलगा चित्रपटांचें संकलन करतो, मुलगी बालकांसाठीं चित्रकथा रचते, आणि पदवी पदरांत पडल्यावर दोघेंही म्हणतात कीं, आम्हांस ‘माध्यमें व सर्जनशील उद्योग यांतील उद्योजकता’ या विषयांत एम्. ए. करावयाचें आहे. नांव ऐकूनच वडील मंडळी बुचकळ्यांत पडतात. कला अंगांत असावी लागते आणि धंदा पेढीवर बसून शिकावा लागतो. मग विद्यापीठ यांत शिकविणार तें काय, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरावर घरची मोठी रक्कम अवलंबून आहे. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्जनशील उद्योग हें नांव रूढ करण्यांत इंग्लंडचा वांटा मोठा. तेथील सरकारनें १९९८ सालीं या उद्योगांची एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत जाहिरात, वास्तुकला, हस्तकला, वेषभूषा, चित्रपट, संगीत, नाट्य, प्रकाशन, आकाशवाणी व दूरचित्रवाणी इत्यादि तेरा व्यवसाय एका सदरांत घातले होते. या सर्वांचा उगम व्यक्तीच्या प्रतिभेंत व कौशल्यांत असतो, आणि त्यांतून संपत्ति निर्माण होते ती बौद्धिक मालमत्तेच्या द्वारें, असें त्यांचें लक्षण सांगितलें होतें. या लक्षणाचा उत्तरार्ध वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे. वॉरिक विद्यापीठ, लंडन विद्यापीठाचें गोल्डस्मिथ्स महाविद्यालय अशा ठिकाणीं या विषयाचे पदव्युत्तर वर्ग निघाले. ते बहुधा एका वर्षाचे असतात. अंदाजपत्रक कसें मांडावें, भांडवल कोणाकडून व कोणत्या अटींवर घ्यावें, करारनामा कसा वाचावा, आपला प्रेक्षक कोण हें कसें ओळखावें, हे त्यांतले मुख्य पाठ. कांहीं ठिकाणीं अखेरीस प्रबंधाऐवजीं नियोजित उद्योगाचा आराखडा लिहून देतां येतो.

हें सारें शिकण्याची गरज कां पडली, याचें एक उदाहरण त्याच देशांतील आहे. ‘चॅनेल फोर’ ही दूरचित्रवाणी १९८२ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली, ती कार्यक्रम स्वतः न करतां बाहेरच्या निर्मात्यांकडून करवून घेण्याच्या धोरणानें. त्यामुळें अनेक लहान मंडळ्या उदयास आल्या. परंतु काम पुरें झालें कीं कार्यक्रमावरील बहुतेक हक्क प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेकडे जात, आणि निर्माता पुन्हां नव्या कामाच्या शोधांत निघे. २००३ च्या दळणवळण कायद्यानंतर व्यवहाराचे नियम बदलले. संस्थेनें ठराविक प्रक्षेपणापुरता हक्क घ्यावा आणि बाकीचे निर्मात्याकडे राहावेत, अशी रीत पडली. मग त्याच निर्मात्यांना आपले कार्यक्रम व त्यांचे सांचे देशोदेशीं विकतां येऊं लागले. त्यांची कला आदल्या वर्षीं होती तीच होती. मालकी बदलली, एवढाच फरक.

आपल्याकडचें उदाहरण तर घरचेंच आहे. दादासाहेब फाळके यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं लंडन गांठलें, तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंतील काम पाहिलें आणि कॅमेरा खरेदी करून ते परत आले. १९१३ च्या मे महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत लोकांपुढें आला. त्या चित्रपटामागें अवघें घर राबत होतें. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रें पाडण्याच्या कामीं मदत करीत आणि मंडळींचा स्वयंपाकही पाहत. मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेंत होता. पुढें १९१८ सालीं भांडवलदार भागीदार घेऊन ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ निघाली. थोड्याच काळांत भागीदारांशीं मतभेद होऊन फाळके बाहेर पडले व काशीस गेले. कांहीं काळानें ते परतले. परंतु त्यांचा एकुलता बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ सालीं निघाला, तो दुसऱ्याच्या संस्थेसाठीं. १९४४ सालीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांनीं उभ्या केलेल्या धंद्याची भरभराट इतरांच्या हातीं होती. एम्. ए. ची पदवी असती तर हें टळलें असतें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण धडाडी, कला व कुटुंबाची साथ हीं तिन्ही असूनही भागीदारी व हक्क यांची व्यवस्था चोख नसेल तर काय होतें, हें यावरून दिसतें.

आजचा आपला कायदा कलावंतास बराच अनुकूल आहे; मात्र तो ठाऊक असला पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणें लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षें टिकतो, म्हणजे तो नातवंडांच्याही उपयोगीं पडतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी द्यावा लागतो. लेखांत मुदत नमूद नसेल तर ती पांच वर्षांची धरतात, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरतात. नोकरींत असतांना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक मात्र, उलट करार नसल्यास, सामान्यतः धनी असतो. २०१२ च्या दुरुस्तीनें चित्रपटांतील गीतकार व संगीतकार यांचा मानधनाच्या वांट्याचा हक्क त्यांना सोडून देतांच येऊं नये, अशी तजवीज झाली. आपल्या घरांतील कोणी कथा, चित्र किंवा चाल कोणास देत असेल, तर सही करण्यापूर्वीं मुदत, प्रदेश आणि पुढील उत्पन्नाचा वांटा या तीन गोष्टी कागदावर आहेत कीं नाहींत, एवढें पाहण्यास परदेशीं जाण्याची जरूर नाहीं.

मग परदेशीं कोणीं जावें? आमच्या मतें ज्यानें दोनतीन वर्षें कांहीं तरी प्रत्यक्ष केलें आहे, हातून चारदोन कृति झाल्या आहेत, आणि त्या पुढें कशा न्याव्या येथें ज्याचें अडलें आहे, त्यानें जावें. त्याच्याजवळ प्रश्न असतात, म्हणून वर्ष फुकट जात नाहीं. कोणती कला धरावी हेंच ज्यास उमगलें नाहीं, त्यास ही विद्या तें सांगणार नाहीं.

जाण्यापूर्वीं कांहीं गोष्टी घरांत बोलून घ्याव्या. परदेशी विद्यार्थ्याचें शुल्क तेथील विद्यार्थ्यापेक्षां पुष्कळच अधिक असतें. विद्यार्थी-परवान्यावर तेथें स्वतःचा धंदा करण्यास मनाई आहे. उद्योजकता शिकावयाची, पण शिकत असतांना उद्योग काढावयाचा नाहीं, अशी ही स्थिति. अभ्यास पुरा झाल्यावर ठराविक मुदतीचा जो निराळा परवाना मिळूं शकतो, त्यांत ती मुभा असते. तसेंच २०२४ च्या जानेवारीपासून सुरू होणाऱ्या अशा अध्यापन-प्रधान वर्गांच्या विद्यार्थ्यांस पति, पत्नी वा मुलें सोबत नेतां येत नाहींत. विवाहित मुलामुलींच्या घरीं हा विचार आधीं झाला पाहिजे.

शेवटचें सांगणें वडील मंडळींस आहे. एकत्र कुटुंबाचा पैसा सर्वांचा असतो. एकाच्या शिक्षणासाठीं तो काढला, तर तो देणगी कीं उसनवार, आणि धाकट्या भावंडांच्या वेळीं तेवढाच निघेल कीं नाहीं, हें सर्वांसमक्ष ठरवून लिहून ठेवावें. लिहिण्यानें माया कमी होत नाहीं. न लिहिल्यानें मात्र पुढें मनें दुखावतात. मुलीस व सुनेस तोच नियम लावावा, जो मुलास लावतो. शिक्षणाचा पैसा आणि पुढें धंद्यांत घालावयाचा पैसा यांची खातीं निरनिराळीं ठेवावीं, आणि राहतें घर दोहोंपैकीं कशासाठींही गहाण टाकूं नये.

मुलगा किंवा मुलगी शिकून आली म्हणजे ‘पगार किती मिळणार?’ हा प्रश्न आपण विचारतोंच. त्याच्या जोडीस आणखी एक विचारावा: ‘तूं जें निर्माण करशील, त्यांतलें तुझें काय राहील?’ याचें उत्तर नीट देतां आलें, तर घरचा पैसा सत्कारणीं लागला असें खुशाल समजावें.