एक चिलीम आणि वैमानिकाचा परवाना

खानदेशच्या आकाशात शिकाऊ विमानाची घरघर ऐकू आली, म्हणून आता कोणी अंगणात धावत येत नाही. शिरपूरच्या धावपट्टीवर व धुळ्यानजीक गोंदूर येथे वैमानिक घडविण्याचे कार्य कित्येक वर्षे चालत आले आहे. आणि २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाणशाळांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचाही समावेश होता. साहजिकच चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी केळीच्या बागाईतदाराचा किंवा प्राथमिक शिक्षकाचा मुलगाही वैमानिक होण्याची भाषा बोलू लागला आहे. याच चोपडा-शिरपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या दऱ्या आहेत, आणि तेथील गांज्याची लागवड पोलिसांनी उपटून नष्ट केल्याच्या वार्ताही आमच्या वाचकांस नवीन नाहीत. अशा मुलखात एका प्रश्नाची उघड चर्चा व्हावयास हवी होती, ती होत नाही. ज्याच्या नावावर कोवळ्या वयातील गांज्याचा एखादा किरकोळ खटला आहे, त्या तरुणाने वैमानिक होण्याची आशा धरावी की सोडावी?

नियमांचे पुस्तक उघडून पाहता आशा सोडण्याचे कारण दिसत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत, दोनशे तासांचे उड्डाण हवे, परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार पडावी लागते. पूर्वी किरकोळ गुन्हा घडलेल्यास परवाना देऊ नये, असे कलम पात्रतेच्या या यादीत नाही. तथापि परवाना खिशात असणे आणि विमानात वैमानिकाच्या आसनावर बसावयास मिळणे, यांत अंतर आहे. विमानतळावर प्रवेशाचा पास हवा, तर पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. खटला न्यायालयात प्रलंबित असेल, तर पासपोर्टसाठी न्यायालयाची अनुमती आणावी लागते. परदेशाच्या वाऱ्या करावयाच्या, तर व्हिसा हवा. आणि येथे अमेरिकेचा कायदा कमालीचा कठोर आहे. त्या देशाचे विमान वाहतूक खाते अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या अर्जदारास वैमानिकाचा परवाना फार तर वर्षभर नाकारू शकते. परंतु त्याच देशाचे व्हिसाचे खाते एकाच गुन्ह्यावरून, किंबहुना त्याच्या नुसत्या कबुलीवरूनही, परकीय माणसास कायमचे अपात्र ठरवू शकते. मग खास सवलतीसाठी अर्ज करीत बसावे लागते. आपल्या देशातून मोठ्या पल्ल्याची उड्डाणे करणाऱ्या कंपनीस असा वैमानिक कितपत उपयोगी पडणार, हे सांगावयास नकोच.

आता चोपड्याच्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. मित्रांबरोबर नदीकाठी बसला आहे, चिलीम फिरते आहे, आणि पोलिसांची गाडी येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार एक किलोपर्यंतचा गांजा हे ‘अल्प प्रमाण’ होय. मुलाने तो ओढला, एवढाच आरोप ठेवला तर सत्ताविसावे कलम लागते: सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण त्याच्या खिशात पुडी सापडली, तर विसावे कलम लागते आणि कैदेची मर्यादा वर्षावर जाते. फरक एवढ्यावरच थांबत नाही. सत्ताविसाव्या कलमाखाली दोषी ठरलेल्यास न्यायालय १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकते, आणि त्या कायद्याच्या बाराव्या कलमान्वये अशा शिक्षेमुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. पुडीवाल्याला मात्र वयाची अठरा वर्षे उलटली असल्यास ही वाट तेहतिसाव्या कलमाने बंद केली आहे. म्हणजे ज्याने गांजा ओढून संपविला तो सुटू शकतो, आणि ज्याचा ओढावयाचा राहून गेला तो अडकतो! हाच मुलगा एक वर्ष आणि एक दिवस लहान असता, तर बालन्याय कायद्याने त्यास अपात्रतेपासून पूर्ण संरक्षण दिले असते.

व्यसनी माणसासाठी कायद्याने आणखी एक दार ठेवले आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी आरोपीने स्वेच्छेने उपचार घेतले, तर चौसष्ट-अ कलमान्वये त्याच्यावर खटला चालत नाही. दोषी ठरला तरी एकोणचाळिसाव्या कलमाखाली न्यायालय त्यास शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. योजना माणुसकीची आहे. परंतु या दारातून आत जावयाचे तर ‘मी व्यसनी आहे’ असे मान्य करावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मानक तर असे आहे की, मादक द्रव्यांवरील अवलंबित्वाचे निदान ज्याच्या वैद्यकीय इतिहासात नोंदले गेले आहे तो वैमानिक होण्यास वैद्यकीयदृष्ट्या योग्य समजू नये. खटल्यातून सोडविणारा शब्दच पुढे विमानातून उतरवितो. आणि जो मुळात व्यसनी नाही, ज्याने एकदाच मूर्खपणा केला, त्याला तर ही सवलत मागताच येत नाही. हे विधिमंडळातील कोणी हेतुतः केले असेल असे नव्हे. दोन खाती आपापले नियम करीत गेली आणि मध्ये मुलगा सापडला.

प्रत्यक्षात होते ते याहून साधे आणि अधिक घातक. न्यायालयाच्या पायरीवर कोणीतरी जाणता भेटतो आणि बापाला सांगतो, “कशाला तारखा घालता? कबूल करून टाका, दोन-पाच हजार दंड भरा, पोरगा मोकळा.” बाप दंड भरतो, पावती घेतो, घरी येऊन देवापुढे दिवा लावतो. कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी, आणि ती जन्माची सोबत करते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. काही वर्षांनी जमीन गहाण टाकून, लाखो रुपयांचे कर्ज काढून तो पोराला उड्डाणशाळेत घालतो, तेव्हा ती पावती पेटीत तशीच असते. आम्ही वर्तमानपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले आहे. एकोणिसाव्या वर्षी मुलांच्या हातून काय काय घडते, हे आम्हांस ठाऊक आहे. मुंबईसारख्या शहरात २०२१ च्या ऑक्टोबरात एका विख्यात नटाच्या मुलास याच कायद्याखाली अटक झाली. निष्णात वकील उभे राहिले, आणि मे २०२२ मधील आरोपपत्रात त्याचे नावही नव्हते. चोपड्याच्या मुलाजवळ तेवढे वकील नसतात.

या सर्व विवेचनाचा अर्थ सौम्यता असा कोणी घेऊ नये. १६ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यात वर्डी गावानजीक सातपुड्याच्या पायथ्याशी शिकाऊ विमान कोसळले, प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. त्या अपघाताचा अमली पदार्थांशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही आकाशात काय पणास लागलेले असते, हे तेव्हा धावून गेलेल्या वर्डीकरांस तरी वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या तपासणीचे आम्ही स्वागतच करतो. दर वर्षी किमान दहा टक्के वैमानिकांची अवचित तपासणी होते. उड्डाणशाळेत प्रवेश देण्यापूर्वी व नोकरीत घेण्यापूर्वीही ती करावी लागते. गांजा, अफू, कोकेन यांचा अंश सापडल्यास प्रथम व्यसनमुक्तीचे उपचार, दुसऱ्यांदा तीन वर्षे परवाना निलंबित, तिसऱ्यांदा तो रद्द. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. सेवेतील वैमानिक आज नशेत सापडला तर त्यास उपचार घेऊन परतण्याची लेखी वाट आहे. सात वर्षांपूर्वी पुडीसह सापडलेल्या आणि त्यानंतर निर्व्यसनी राहिलेल्या तरुणासाठी तशी एक ओळही लिहिलेली नाही. त्याचे भवितव्य पडताळणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र दिशा दाखविली आहे. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या संदीप कुमार या तरुणाच्या प्रकरणात २०११ साली न्यायालयाने तारुण्यातील आगळिकीकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे असे म्हटले आणि पावाच्या चोरीपायी जन्मभर चोर ठरलेल्या, ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ वालजाँचे स्मरण दिले. पुढे २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, क्षुल्लक प्रकरण असल्यास नोकरी देणाऱ्याने ते दुर्लक्षिण्याचा विचार करावा. पण माहिती खरी दिली पाहिजे, कारण दडपणूक हा स्वतंत्र दोष ठरू शकतो. अर्जात ‘नाही’ अशी खूण करून वेळ मारून नेण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो मानू नये. ज्याच्यावर तीनशे जीव विश्वासाने हवाली होणार, त्याने पहिल्याच कागदावर खोटे लिहिले असेल, तर त्यास आसनावरून उठविण्यास आमचीही ना नाही.

महासंचालनालयाने याविषयी नियम लिहून काढावा, अशी आमची मागणी आहे. अल्प प्रमाणाचा एकच गुन्हा, त्यानंतर काही ठराविक वर्षे स्वच्छ वर्तन आणि तपासणीत निर्दोष शरीर, एवढे असल्यास जुनी नोंद आड येणार नाही, हे उड्डाणशाळेचे शुल्क भरण्यापूर्वी मुलास कळले पाहिजे. संसदेने तेहतिसावे कलम दुरुस्त करून ओढणारा व बाळगणारा यांतील भेद अल्प प्रमाणापुरता तरी मिटवावा. तोवर चोपड्यातील महाविद्यालयांनी आणि वकील मंडळींनी हातात आहे तेवढे करावे. अशा खटल्यातील मुलगा दंड भरण्यास निघाला असता, कबुलीवर सही होण्याआधी, पुढे काय शिकणार आहेस रे, एवढे तरी त्यास कोणीतरी विचारावे.