पंचनाम्यात न मावणारे नुकसान

रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात घराशेजारी तळे आणि तळ्यात जिताडा ही वहिवाट जुनी आहे. खाडीच्या मुखाशी जन्मणारा आणि गोड्या पाण्यातही सुखाने पोसणारा हा मासा खारेपणाच्या चढउतारांना भीक घालीत नाही, हे ओळखूनच त्या मुलखातील जाणत्या मंडळींनी त्याला आपल्या दारी आश्रय दिला. अशाच खाडीकाठच्या तळ्यांत रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडण्याचा जो उत्साह हल्ली दिसतो, त्याविषयी माझी तक्रार एवढीच, की पाणी किती खारे आहे आणि कोणत्या महिन्यात आहे, हा पहिला प्रश्न त्या उत्साहात बहुधा विचारलाच जात नाही.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्ताचे क्षारमान समुद्राच्या सुमारे पाव हिश्शाचे, म्हणजे समुद्राचे दर हजारी ३५ धरले तर ९ ते १० च्या आसपास असते. तळ्याचे पाणी त्याहून सौम्य असल्यामुळे ते कल्ल्यांवाटे अखंड शरीरात शिरते. मूत्रपिंडे ते उपसून टाकतात आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशी पाण्यातले क्षार वेचून झालेली झीज भरून काढतात. पाण्यात अल्पसा क्षार असला तर हे श्रम हलके होतात, आणि मत्स्यबीज वाहून नेणारे अनुभवी लोक पिशवीच्या पाण्यात थोडे जाडे मीठ टाकतात, त्यातले इंगित हेच. परंतु दर हजारी चार-पाचाच्या पुढे कार्प जातीच्या पिल्लांची भूक मंदावू लागते, आणि दहाच्या वर तर प्रवाहच उलटून शरीरातील पाणी बाहेर ओढले जाऊ लागते. अशा वेळी समुद्रातला मासा खारे पाणी पिऊन जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. रोहूला ती विद्या अवगत नाही. खाल्लेले अन्न ही जमा, जगण्याचा व्यय हा खर्च आणि वाढ ही शिल्लक, असा हा सरळ हिशेब असून, खारेपणा वाढला की मासा मरण्याच्या कितीतरी आधी त्याची शिल्लक आटते.

आषाढ-श्रावणात बीज सोडतात तेव्हा तळे पावसाच्या पाण्याने तुडुंब असते आणि कोणाच्याही जिभेला ते गोडच लागते. पुढे उन्हाने पाणी आटते, क्षार मात्र मागेच राहतो. त्यात खाडीचे पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या फळ्या कुजलेल्या असल्या तर उधाणाचे पाणीही आत येते. मोजणी अवघड नाही: रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून ते उपकरण उजेडाकडे धरले, की निळ्या-पांढऱ्या रंगांच्या सीमेवर आकडा वाचता येतो. मात्र थेंब कुठला, हे महत्त्वाचे. खारे पाणी जड असल्यामुळे पावसानंतर ते खोल तळ्याच्या तळाशी बसते, आणि काठावर वाकून घेतलेला नमुना वरच्या थरात चरणाऱ्या कटल्याविषयी खरे सांगत असताना तळाशी चरणाऱ्या मृगळाविषयी चक्क खोटे बोलतो.

नुसत्या आकड्यानेही भागत नाही. हरियाणातील रोहतकजवळ लाहली येथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. त्या बाजूच्या खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवू लागल्यावर असे ध्यानात आले, की समुद्राइतकेच खारे असले तरी त्या पाण्यात पोटॅशियम फार तुटपुंजे असते, आणि ते बाहेरून पुरवावे लागते. खाऱ्या जमिनीला ओसाड न म्हणता तिचे पाणी तपासून त्याला मानवणारा जीव निवडावा, हा शहाणपणा तेथे कामी आला.

कोकणच्या खारजमिनीत निराळे काही करायचे नाही. बीजवाटपाच्या अर्जात चैत्र-वैशाखातील तळच्या पाण्याच्या क्षारतेचा एक रकाना असावा, तो कोरा असलेला अर्ज पुढे सरकू नये, आणि आकडा चढा असेल तेथे रोहूऐवजी जिताड्याचे बीज द्यावे. मेलेले मासे काठावर पसरून पंचनामा करता येतो. परंतु वर्षभर खाद्य खाऊनही वीतभरच राहिलेला मासा जिवंत असल्यामुळे दप्तराच्या दृष्टीने नुकसान झालेलेच नसते, आणि तो तोटा शेतकरी आपल्याच हलगर्जीपणाच्या नावे मांडून गप्प बसतो. तो तोटा त्याच्या हलगर्जीपणाचा नव्हे, पाणी न तपासता बीज वाटणाऱ्याचा आहे.

— तटस्थ