दुष्काळातला चारा आणि आपले दूध

माण, सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यांत गोठे बदलत आहेत. दावणीऐवजी मुक्त गोठा, उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास. हे योग्यच आहे. पण मुरघासात हवा राहिली किंवा पेंड ओलसर झाली, की बुरशी लागते. काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते. दूध उकळूनही ते जात नाही आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताला घातक ठरते. देशात मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. मात्र टंचाईत बुरशीचा चारा फेकणे पशुपालकाला परवडत नाही. म्हणून संकलन केंद्रावर फॅटबरोबर ही तपासणीही हवी आणि निर्दोष दुधाला वाढीव दर. करंजाडेत पिशवी विकत घेणाऱ्या आपण त्याचा भार उचलावा. ते दूध आपलीच मुले पितात.