कपाचा कान कुठे गेला?



चित्रकलेच्या तासाला टेबलावर कप ठेवला, की तुम्ही आपापल्या जागेवरून दिसेल तसा तो काढता. उजवीकडे बसलेल्या मुलाच्या चित्रात कपाचा कान येतो. डावीकडच्या मुलाला तो दिसतच नाही, कारण तो कपाआड दडलेला असतो. दोन्ही चित्रे हुबेहूब, आणि तरीही दोन्ही अपुरी! हुबेहूब चित्र म्हणजे वस्तूची पुरी ओळख, ही समजूत शाळेतच रुजते. ती तिथेच दूर व्हावी, असे मला वाटते. त्यासाठी एकाच वस्तूची निरनिराळ्या बाजूंनी चित्रे काढून ती एकावर एक ठेवून पाहावीत.

ट्रेसिंग पेपरचे तीन तुकडे घ्या. प्रत्येकावर मधोमध एक उभी रेघ मारा. घरातला एक कप पट्टीने मोजा आणि कपाचा मध्य त्या रेघेवर ठेवून खऱ्या मापाची तीन चित्रे काढा. पहिले तांबड्या रंगात, कान तुमच्याकडे असताना समोरून. दुसरे निळ्या रंगात, कान उजवीकडे असताना समोरून. तिसरे हिरव्या रंगात, कान उजवीकडेच ठेवून बरोबर वरून. आता रेघा जुळवून तिन्ही कागद एकावर एक ठेवा व खिडकीच्या काचेवर धरा.

प्रथम नुसता गोंधळ दिसेल. पण नीट पाहा. तांबड्या आणि निळ्या कपाची उंची एकच आहे. हिरव्या वर्तुळाची रुंदी कपाच्या तोंडाएवढी आहे. निळा कान उजवीकडे जितका पुढे आला आहे, तितकाच हिरवाही आला आहे. कानाची पट्टी किती रुंद आहे, हे मात्र निळ्या चित्रावरून कळत नाही. ते तांबड्या आणि हिरव्या चित्रांत मोजा. दोन्हीकडे माप सारखेच भरेल.

‘ज्याला जसे दिसले तसे त्याचे खरे’ असे म्हणून पुष्कळ जण वाद मिटवतात. मला हे पटत नाही. तांबड्या चित्रात उंची ८ सेंमी आणि निळ्यात ९ सेंमी आली, तर त्यांपैकी निदान एक चित्र चुकलेच आहे. बाजू अनेक असतील, पण कप एकच आहे ना?

पॅरिसमध्ये १९०७ ते १९१४ या काळात पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक या चित्रकारांनी घनवाद ही शैली घडवली. बाटलीचे अंग समोरून आणि तोंड वरून, असे ते एकाच चित्रात दाखवीत. १९१२ पासून त्यांनी चित्रावर कागदाचे तुकडे चिकटवून थरही दिले. मापे जुळलीच पाहिजेत, हे बंधन चित्रकारावर नाही. विज्ञानावर मात्र ते आहे.

छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात फासळ्या, हृदय आणि पाठीचा कणा यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. कोणते पुढे आणि कोणते मागे, हे एका चित्रावरून सांगणे अवघड. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूच्या छेदाचे चित्र मिळवले. या यंत्रात अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून मोजणी होते आणि संगणक ती सारी मापे जुळवून आतले चित्र तयार करतो. हौन्सफील्ड आणि त्यामागचे गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या तीन कागदांमागचे तत्त्वही याच जातीचे आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्षातून एक तास चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून असा घ्यावा. खर्च तीन कागदांचा!

आणि मित्रांनो, तुमचे चित्र शेजाऱ्याच्या चित्राशी जुळले नाही, तर लगेच रबर उचलू नका. आधी त्याच्या जागेवर जाऊन बसा. मग पट्टी घ्या.