विश्लेषण : थायलंडमध्ये झाडांना चीवर का गुंडाळतात?

जंगलतोड रोखण्यासाठी थायलंडमधील बौद्ध भिक्खू तीन दशकांहून अधिक काळ झाडांना चीवर गुंडाळत आहेत. यामागचा धम्मविचार काय आणि त्याने जंगल खरेच वाचते का?

सुरुवात कशी झाली?

१९६१ मध्ये थायलंडची निम्म्याहून अधिक भूमी जंगलाखाली होती. १९८० च्या दशकाअखेर हे प्रमाण ३० टक्क्यांखाली आले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेत अतिवृष्टीने उघड्या डोंगरांवरचा चिखल आणि ओंडके गावांवर आले. शेकडो जण दगावले. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलांतील व्यापारी तोड बंद केली, पण चोरटी तोड थांबली नाही. त्याच सुमारास उत्तरेतील भिक्खूंनी ‘वृक्षदीक्षा’ सुरू केली.

झाड खरेच भिक्खू होते का?

नाही. विनयानुसार दीक्षा माणसालाच मिळते, हे भिक्खूंनाही मान्य आहे. चीवर पाहून कुऱ्हाड उचलणारा थबकावा, हा हेतू. नान प्रांतात फ्राख्रू पिटाक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये झालेल्या विधीत गावच्या मुखियांनी मंत्रित पाणी पिऊन जंगल राखण्याचे वचन दिले.

धम्माशी संबंध काय?

प्रतीत्यसमुत्पादानुसार प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून असते. जंगल गेले की ओढा आटतो, ओढा आटला की भात जातो आणि भिक्खूचे भिक्षापात्रही रिकामे राहते. हिरव्या वनस्पती तोडण्यास भिक्खूंना विनयाने मनाई आहे. महाराष्ट्रातील विहारांतही पाळला जाणारा वर्षावास सुरू होण्यामागे, पावसाळ्यातील भटकंतीत कोवळी रोपे आणि जीव तुडवले जातात, ही तक्रार होती.

दानाचे काय?

‘फा पा’ म्हणजे वनवस्त्र. या जुन्या विधीत उपासक भिक्खूंना वस्त्रे आणि वस्तू देतात. पिटाक यांच्या विधीत त्यात रोपेही आली. दान केलेले रोप उपटणे म्हणजे पुण्याला हात लावणे, ही भावना त्यातून रुजली.

मर्यादा कोणत्या?

चीवराचा धाक ते मानणाऱ्यालाच असतो. बुरीराम प्रांतात जंगलासाठी लढणारे फ्रा प्राचाक यांना १९९१ मध्ये अटक झाली. चियांग माई प्रांतात जंगलजमिनीवरील अतिक्रमणाला विरोध करणारे फ्रा सुपोज यांची २००५ मध्ये हत्या झाली. शिवाय जमिनीवर हक्क कोणाचा, हे विधी ठरवत नाही. सामुदायिक वनांचा कायदा थायलंडमध्ये २०१९ मध्ये आला. संरक्षित वनक्षेत्रे मात्र त्याबाहेर राहिली.

मग उपयोग काय?

शेजारच्या कंबोडियात ओद्दार मीनचे प्रांतातील भिक्खूंनी सुमारे १८ हजार हेक्टर जंगल राखले. तिथे गस्त, सीमांकन आणि गावकऱ्यांच्या समित्या होत्या. या कामाला २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. चीवर गावाला एकत्र आणते. त्यानंतरची राखण गावालाच करावी लागते आणि त्यासाठी कायद्याचे पाठबळ लागते.