सीए-१२५ वाढलंय, म्हणजे कॅन्सरच का?

महिला दिन जवळ आला की आमच्या घोडपदेव-काळाचौकी भागात आरोग्य तपासणीच्या पॅकेजची पत्रकं वाटली जातात. थायरॉइड, साखर, व्हिटॅमिनच्या रांगेत हल्ली सीए-१२५ सुद्धा असतं, 'अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी' म्हणून. रिपोर्टमध्ये ३५च्या वरचा आकडा दिसला की घरातले लगेच टाटा हॉस्पिटलचा रस्ता विचारतात.

हा आकडा नेमका कशाचा? आपल्या शरीरातल्या ओलसर अस्तरांच्या पेशींवर म्युसिन नावाची प्रथिनं असतात. श्लेष्मा, म्हणजे आपला शेंबूड-कफ, चिकट होतो तो याच कुळातल्या प्रथिनांमुळे. त्यांतलं 'म्युक-१६' डोळे, श्वासनलिका, गर्भाशय आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर सापडतं. ते पृष्ठभाग बुळबुळीत ठेवतं, जंतूंना चिकटू देत नाही. त्याचा सुटून रक्तात आलेला भाग म्हणजे सीए-१२५. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी हे प्रथिन भरपूर बनवतात आणि त्याच्याच आधाराने पोटाच्या पडद्याला चिकटून पसरतात. पण पडदा सुजला किंवा पोटात पाणी झालं तरी ते वाढतं. पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, यकृताचे आजार, सगळ्यांत वाढू शकतं.

आणि पोटाचा टीबी! मुंबईत हे विसरून चालणारच नाही. पोट फुगलेलं, वजन घटलेलं, सोनोग्राफीत पाणी, सीए-१२५ काही शेकड्यांत. चित्र हुबेहूब कॅन्सरचं, आणि आजार मात्र साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पोटातल्या पाण्याची तपासणी आणि गरज पडल्यास तुकडा तपासणी होणार आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. उलट, नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करणंही धोक्याचं. कॅन्सर असेल तर त्यात मोलाचे महिने जातात.

त्रास नसताना ही तपासणी करून जीव वाचतात का? ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या २०११ च्या अभ्यासात सीए-१२५ आणि सोनोग्राफी मिळून ३,२८५ जणींना कॅन्सर नसताना संशयाचा रिपोर्ट आला. त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रियाही झाली. शिवाय सुरुवातीच्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये आकडा वाढतच नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा दिलासाही कच्चाच. माझ्या मते पॅकेजमध्ये या तपासणीला जागाच नाही.

ज्यांचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत, त्यांच्यासाठी मात्र ती कामाची आहे. तिथे एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे बघतात. आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर पॅकेज न घेता थेट तज्ज्ञांना भेटा. आणि पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवी हे दोन-तीन आठवडे टिकलं, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तर सीए-१२५ नॉर्मल असलं तरी सोनोग्राफी करून घ्या.