मुद्दाम कॅटापल्ट

विंडसर्फिंग शिकायला गेलात की पहिल्या आठवड्यातच एक शब्द कानावर पडतो, कॅटापल्ट. गोफणीतून दगड सुटावा तसं माणूस बोर्डवरून सुटणं. मस्त स्पीडमध्ये चाललेलं असतं, पाय स्ट्रॅप्समध्ये, कमरेचा हार्नेस बूमला अडकवलेला, आणि अचानक वाऱ्याचा एक दणदणीत झोत येतो. शीड तुम्हाला अलगद उचलतं आणि बोर्डच्या नाकापलीकडे फेकून देतं. कधी मास्टवर, कधी पाण्यावर सपाट. त्या वेगात पाणी हे पाणी नसतं हो, शहाबादी फरशी असते!

त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं जो भेटेल तो एकच मंत्र देतो. वजन मागे ठेव, गुडघे वाकव, झोत आला की मागचा हात सैल सोड, म्हणजे शिडातला वारा निघून जाईल. हे इतकं घोटलं जातं की पुढे पुढे विचारही करावा लागत नाही. झोत आला, हात सैल. विषय संपला.

आणि मग एक दिवस तुम्हाला फॉरवर्ड लूप करावासा वाटतो.

फॉरवर्ड लूप म्हणजे छोट्या लाटेवरून उडी घ्यायची, हवेत असताना मागचा हात जीव खाऊन आत खेचायचा आणि शीड, बोर्ड, आपण असं सगळं बिऱ्हाड एक अख्खी कोलांटी घेऊन परत पाण्यावर. म्हणजे चक्क मुद्दाम केलेला कॅटापल्ट. जे टाळायला इतकी वर्षं घातली तेच करायचं, तेही पूर्ण जोर लावून. बॉसने तीन वर्षं ‘क्लायंटला उलट बोलायचं नाही’ म्हणून डोकं खावं आणि प्रमोशनच्या वेळी म्हणावं, ‘चल, आता क्लायंटला शिव्या घालून दाखव.’ तसलाच प्रकार.

आता कोणी म्हणेल, नको ना मग करू! कोण मागे लागलंय? बरोबर आहे. पण पाच वर्षं सरळ रेषेत जा-ये करून झाली की समुद्रात उड्या मारणाऱ्यांकडे बघून पोटात काहीतरी व्हायला लागतं. हा प्रकार इटलीच्या चेझारे कँतागाल्ली नावाच्या गृहस्थाने १९८० च्या दशकात गाजवला, आणि त्याच्या नावावरूनच त्याला ‘चीज रोल’ म्हणायला लागले. आज ग्रान कॅनेरिया बेटावरच्या पोझो इझ्किएर्दोला जाऊन बघा. तिथल्या दाइदा आणि इबाया रुआनो मोरेनो या जुळ्या बहिणी जगज्जेत्या झाल्या. तिथलाच फिलिप कोस्टर २०११ मध्ये, सतराव्या वर्षी लाटांवरच्या विंडसर्फिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. ही मंडळी हवेत एक सोडून दोन कोलांट्या मारतात. सतराव्या वर्षी आपण काय करत होतो? बारावीचे क्लासेस.

तर लूप शिकायला मी इजिप्तमधल्या दाहाबला गेले. एवढ्या लांब कशाला, आपला गोवा आहे की, हा प्रश्न घरीदारी सगळ्यांनी विचारून झालाय. शिकायला गोवा छानच. मी बोर्डवर पहिल्यांदा उभी राहिले ती दोना पावलाला. आणि २०२३ च्या हांगझो एशियन गेम्समध्ये ईबाद अलीने विंडसर्फिंगचं ब्राँझ आणल्यापासून ‘आपल्याकडे कुठे असतं असलं काही’ म्हणायची सोय राहिलेली नाही. पण ती झाली रेस. लूप शिकायचा तर रोज भरवशाचा अठरा-वीस नॉट्सचा वारा लागतो, म्हणजे ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास. हिवाळ्यात गोव्याची दुपारची झुळूक तिथवर सहसा पोचत नाही, आणि पावसाळ्यात वारा असतो तेव्हा समुद्र अंगावर येतो. दाहाबला सिनाईच्या उघड्याबोडक्या डोंगरांच्या कडेने उत्तरेचा वारा अकाबाच्या आखातात घुसतो. मध्ये वाळूचा एक लांब पट्टा आडवा आल्यामुळे आतल्या बाजूचं पाणी सपाट राहतं. वर वारा, खाली सपाट पाणी. पडायला याहून चांगली जागा नाही.

पडण्याचा मला अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी याच पाण्यात मी कॅटापल्ट झाले आणि डावीकडची बरगडी क्रॅक झाली. बरगडीला प्लास्टर घालत नाहीत. डॉक्टर पेनकिलर देतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, आणि घरी आल्यावर कळतं की हसणं, शिंकणं आणि कुशीवर वळणं या तीन गोष्टी आपण दिवसातून किती वेळा करतो. सहा आठवडे लॅपटॉपची बॅग उचलता येत नव्हती. तुम्हा नोकरीवाल्यांना सिक लीव्ह असते, फ्रीलान्सरला नसते. तीन असाइनमेंट्स हातच्या गेल्या, एका महिन्याचं भाडं बाबांनी भरलं. आई एवढंच म्हणाली, ‘तुझं तू बघ बाई.’ आईने असं म्हटलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

त्यामुळे या वेळी मला वाटणारी भीती अगदी हिशोबी होती. मला माहीत होतं नेमकं काय होऊ शकतं, किती दिवस दुखतं आणि किती पैसे जातात. ऑफसाइटला नेऊन ‘भीती फक्त मनात असते’ असं सांगणारे ट्रेनर्स असतात ना, त्यांना एकदा क्रॅक बरगडी घेऊन शिंकायला लावावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

पहिल्या दोन दिवसांत मी तीसेक वेळा उडी मारली. लूप शून्य. प्रत्येक वेळी तेच. लाट, उडी, मागचा हात आत, बोर्डचं नाक खाली वळायला लागतं, जग तिरकं होतं, आणि त्या क्षणी शरीर ओरडतं, अगं, कॅटापल्ट! हात सैल. शीड उघडतं, फिरणं मध्येच थांबतं, आणि मी अर्धवट उलटी, हातपाय पसरलेली, पाठीवर फाट्‌कन.

लूपची गोम इथेच आहे. पूर्ण लूपपेक्षा अर्धा लूप जास्त लागतो. जोवर शीड आत खेचलेलं असतं तोवर त्यातला वाराच तुम्हाला फिरवतो आणि पेलतोही. हात सोडला की इंजिन बंद, आणि तुम्ही हवेतून नुसते खाली येता, तेही सगळ्यात वाईट अंगाने. म्हणजे वाचण्यासाठी शरीर जे करतं त्यानेच आपटतं. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्याने शंभर टक्के कळलं होतं. डोक्याने कळून काही उपयोग नव्हता, कारण त्या पाऊण सेकंदात डोक्याला कोणी विचारतच नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या इन्स्ट्रक्टरने बोर्ड पाण्यात नेऊच दिला नाही. हा तिथलाच, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने वाळूवर नुसतं शीड उभं करून माझ्या हातात दिलं. पुढचा हात मास्टजवळ, मागचा हात बूमवर जाईल तितका मागे. मास्ट पुढे ढकल, मागचा हात खेच, मागच्या खांद्यावरून मागे बघ. पुन्हा. पुन्हा. पन्नास वेळा. आजूबाजूला बिकिनीतल्या रशियन बायका कॉफी पीत होत्या आणि मी हेल्मेट घालून कोरड्या वाळूत कवायत करत होते. मग त्याने शीड काढून घेतलं आणि म्हणाला, ‘आता बॉल हो.’ म्हणजे? तर पाय पोटाशी, हनुवटी छातीला, आणि वाळूत गडगडत कोलांटी.

इथे माझी ट्यूब पेटली. अरे, हा तर मुटका!

आजोळी साताऱ्याकडे मळ्यात विहीर होती. मे महिन्यात मामाने आम्हा सगळ्या भावंडांना कमरेला दोर बांधून त्यात पोहायला शिकवलं. सूर मारणं मोठ्यांचं काम, आम्हाला मुटका. काठावरून उडी, गुडघे छातीशी, हात घोट्यांना घट्ट. नियम एकच, पाणी लागेपर्यंत मुटका सोडायचा नाही. घाबरून मध्येच पाय लांब केले की मांडीवर पाणी चाबकासारखं बसायचं आणि मामा वरून ओरडायचा, ‘सोडलास ना? मग लागणारच!’ माझ्या शरीराला हे येत होतं. फक्त आठव्या वर्षापासून त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी लगूनच्या कोपऱ्यात, जिथे वारा जेमतेम होता, बोर्डवर उभं राहून तेच केलं. वेग नाही, उडी नाही. हात मागे, खेच, मागे बघ, मुटका. शीड बिचारं मंदपणे पुढे पडतं आणि तुम्हाला सोबत पाण्यात घेऊन जातं. नाकात इतकं खारं पाणी गेलं की रात्री जेवताना सूपमध्ये थेंब पडत होते. पण वीस-पंचवीस वेळा झाल्यावर एक गंमत लक्षात आली. ‘पुढे फेकलं जाणं’ आणि ‘हात सैल’ यांची जी जोडी जमली होती, ती सुटायला लागली होती.

आता मागे बघण्याचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण अर्धा लूप यावर आहे. आपण कुठे पडणार हे मेंदूला बघायचं असतं, म्हणून डोकं पुढे जातं, मान ताठ, अंग लांब, मुटका खलास. मागच्या खांद्यावरून बघितलं की खांदे वळतात आणि अंग त्यांच्या मागोमाग. समुद्राकडे जाताना वारा डावीकडून येतो, म्हणजे डावा हात पुढे, उजवा मागे, आणि उजव्या खांद्यावरून दिसतो किनारा. इन्स्ट्रक्टर म्हणाला, हवेत गेल्यावर त्या कॅफेची निळी छत्री शोध. बाकी काही शोधू नकोस.

पाचव्या दिवशी सकाळी वारा वीस नॉट्स. साडेचार मीटरचं शीड, नेहमीपेक्षा एक साइज लहान. हेल्मेट, छातीला जाड फोमचं इम्पॅक्ट जॅकेट. (तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात हा किडा वळवळत असेल तर दोन्हींशिवाय पाण्यात उतरू नका, एकट्याने तर नाहीच. आणि दोन्ही पाय स्ट्रॅप्समध्ये ठेवून आरामात प्लेनिंग करता येत नसेल, पाण्यातून वॉटरस्टार्ट घेता येत नसेल, तर लूपचा विचार एक वर्ष पुढे ढकला.) तोंड कोरडं पडलं होतं. सकाळचा चहाही अर्धाच गेला होता.

हार्नेसचा हुक सोडवला. उजवा हात मागे सरकवला, आणखी मागे. गुडघ्याएवढी एक लाट समोर आली. मोठी लाट हवी असते असं लोकांना वाटतं, पण पहिल्या लूपला गुडघ्याएवढी पुरते. उडाले, खेचलं, छत्री शोधली. छत्री दिसली की नाही हे आजही सांगता येणार नाही. आकाश नको त्या ठिकाणी होतं एवढं आठवतं. मग एकदम मी पाण्यात बसले होते, खरंच बसलेली, दोन्ही हातांत बूम, आणि बोर्डचं नाक पुन्हा समुद्राकडे. अख्खी फिरून आले होते. काहीच लागलं नव्हतं! इतकं कमी लागलं होतं की मला आधी संशयच आला. किनाऱ्यावरून एका जर्मन आजोबांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. साठीचे आहेत, रोज सकाळी नाश्त्याआधी लूप मारतात आणि मग गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून पुस्तक वाचत बसतात.

त्या दिवशी अकरा प्रयत्न, चार लूप. एकातूनही उभी राहून पुढे निघाले नाही. तो वेगळाच चॅप्टर आहे. पाचव्या प्रयत्नाला हात परत सुटला आणि पाठीवर असा फटका बसला की बरगडीने जुनी ओळख दाखवली. नडगीवर जांभळं-हिरवं काहीतरी उमटलं. आणि भीती? ती होतीच की. फक्त तिची जागा बदलली. आधी ती हवेत भेटायची, आता उडीच्या आधी भेटते, हुक सोडवताना. तिथे भेटली तर काम करता येतं. हवेत भेटली तर ती हात सोडायला लावते.

हे सगळं समुद्राकडे जाताना, वारा डावीकडून असताना. किनाऱ्याकडे परतताना वारा उजवीकडून, उजवा हात पुढे, सगळं उलटं. म्हटलं एका बाजूने जमलंय, दुसरीकडूनही जमेल. शेवटच्या दिवशी त्या बाजूने सात उड्या मारल्या. सातही वेळा हात सैल, पाठीवर फाट्‌कन. डाव्या हाताला उजव्या हाताने काहीही सांगितलेलं नव्हतं. त्याच्यासाठी अजून पहिलाच दिवस होता, वाळूतल्या कवायतीपासून.

इन्स्ट्रक्टरने खांदे उडवले आणि विचारलं, परत कधी येतेस? नोव्हेंबर म्हणालेय, पेमेंट्स वेळेवर आली तर. तोवर रोज रात्री हॉलमध्ये झाडूचा दांडा धरून उलट्या बाजूची कवायत चालू आहे. आई काही बोलली नाही. परवा घरी आले तर टीपॉय भिंतीला सरकवलेला होता आणि दिवाणावरची गादी खाली.